बारा गुणांची अट

त्या पुस्तिकेच्या मते माणसाचा दिवस नऊ कृतींचा असतो. स्वयंपाक करणे, अन्न घेणे, अंग धुणे, कपडे घालणे अशा क्रमाने त्या मांडलेल्या होत्या. प्रत्येक कृतीखाली पायऱ्या, प्रत्येक पायरीपुढे गुण. ज्याचे काही अडत नाही त्याला शून्य, ज्याचे सगळेच अडते त्याला आठ. नऊ कृतींची बेरीज बारा भरली, तर विमा कंपनी त्या माणसाला अपंग मानणार आणि साठीपर्यंत त्याचा महिन्याचा भत्ता चालू ठेवणार. अकरा भरली, तर तो धडधाकट. बारा आणि अकरा यांच्यामध्ये माणसाच्या देहात नेमके काय बदलते, याचा खुलासा पुस्तिकेत नव्हता. अपमान गिळणे ही कृतीही त्या यादीत नव्हती. ती सर्वांनाच विनासायास जमते, असे पुस्तिकेच्या कर्त्याने गृहीत धरले असावे.

लतीफ परकारला चार गुण मिळाले होते.

पत्र आले तेव्हा लतीफची बायको बिल्किस लहान मुलांच्या नर्सरीतल्या कामावरून नुकतीच घरी पोचली होती. बहारीनमध्ये, सनाबिसमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ओट्याला टेकून, पायातल्या चपला न काढताच तिने ते वाचले. इंग्रजी तिला सावकाश कळे, पण आकडा कळायला भाषा लागत नाही. स्वयंपाक शून्य, अन्न घेणे शून्य, अंग धुणे दोन, कपडे दोन. उरलेल्या पाच कृतींपुढे शून्यांची एक देखणी रांग होती. खाली लिहिले होते की अर्जदार प्रसन्नचित्त, नीटनेटका आणि स्वावलंबी असून पुढील महिन्यापासून त्याला भत्त्याची आवश्यकता नाही; निर्णय अमान्य असल्यास फेरतपासणी मागता येईल.

नऊ महिन्यांपूर्वी मीना सलमान बंदरातल्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये, जड यंत्रे उचलणाऱ्या चेन-ब्लॉकची साखळी सुटली आणि पंपाचे लोखंडी झाकण लतीफच्या अंगावर आले. उजव्या हाताची मधली तीन बोटे गेली, आणि उरलेल्या अंगठ्याला, करंगळीला व तळव्याला गरम-थंड काही कळेनासे झाले. डाव्या कोपराचा चुरा झाला होता. तो जुळला, पण काटकोनात जुळला. आता तो हात टेबलावर पोचे, तोंडाशी पोचत नसे. चोवीस वर्षे ज्या हातांनी त्याने दुसऱ्यांची यंत्रे चालती केली, त्या हातांना स्वतःच्या गळ्याचे बटण लागत नव्हते.

मग चार गुण कसे? बिल्किसला ते ठाऊक होते. ही करामत तिची स्वतःची होती.

लग्नाआधी आणि लग्नानंतरही, अशी अकरा वर्षे ती दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळेची तपासणी म्हणजे काय, हे तिच्या हाडीमांसी खिळलेले होते. तपासणी लागली की भिंतींना चुना लागायचा, तक्ते पुसले जायचे, पोरांकडून उत्तरे घोकून घेतली जायची आणि सर्वांत हुशार पोरगा पहिल्या रांगेत बसवला जायचा. साहेब खूश होऊन गेले की वर्ष निभावले. म्हणून कंपनीने जेव्हा कळवले की परीक्षक घरी येऊन अर्जदाराची तपासणी करतील, तेव्हा बिल्किसने आयुष्यभर केले तेच केले. पडदे धुतले. पहाटे उठून लतीफची दाढी केली, त्याला आंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट चढवला, बटणे लावली, अत्तर लावले. मग त्याला समोर बसवून समजावले की मान खाली घालू नका, रडगाणे गाऊ नका, विचारतील त्याचे नीट उत्तर द्या.

लतीफ चांगला विद्यार्थी निघाला.

परीक्षक गुरुप्रसाद हा पस्तिशीचा, मऊ बोलणारा, ठाण्याचा थेरपिस्ट होता. दारातच त्याने मराठीत नमस्कार केला आणि घराचा नूरच पालटला. आपल्या भाषेतला माणूस आपल्या दारी आला होता; त्याला कुणी परीक्षक मानणार कसे? तो पाहुणा झाला. बिल्किसने त्याच्यापुढे गरम घावन आणि नारळाचा रस ठेवला. गुरुप्रसादने संकोच केला, मग चार घावन खाल्ले. खाता खाता तो लॅपटॉपवर खुणा करत होता. शाळेला सुटी म्हणून मुस्कान, त्यांची अकरावीतली मुलगी, बापाशेजारी बसली होती.

त्याने विचारले, जेवण आपलं आपण घेता ना, लतीफभाई? लतीफने एकदा लेकीकडे पाहिले आणि म्हणाला, हो, जेवतो की. आंघोळ? नळाला पाणी आहे, साबण आहे, अडायचं काय. थोडा वेळ लागतो, एवढंच. कपडे? हे काय, घातलेत ना.

आणि मग चहा. पाहुण्याला चहा घरधन्याने स्वतः द्यावा, ही परकारांच्या घरची रीत. लतीफने डाव्या हाताने थर्मास उचलला, उजव्या हाताच्या उरलेल्या पंजात कप अडकवला आणि चहा ओतला. थोडा सांडला. गुरुप्रसाद म्हणाला, वा, लतीफभाई, तुम्ही तर मस्त सावरलात. लतीफ खुलून हसला. पन्नास मिनिटांत तपासणी आटोपली.

संध्याकाळी शर्ट उतरवताना बिल्किसला त्याच्या उजव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड दिसला. चहा हातावर सांडला होता आणि त्याला कळलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात मलमपट्टी झाली. केसपेपरवर तारीख पडली, कारण पडले. तो कागद तिने फाइलला लावला. कागद लावून ठेवायचा, ही मास्तरकीची दुसरी सवय. अहवालात मात्र त्या प्रसंगाचे फळ एका ओळीचे होते. अर्जदार गरम पेय स्वतंत्रपणे तयार करून वाढतो. सबब, स्वयंपाक शून्य.

पत्राची घडी घालून बिल्किसने आधी चहा टाकला, मग तो ओतून दिला. राग आला की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. तिने मुस्कानला हाक मारली आणि इतक्या हळू आवाजात सांगितले की पोरगी हातातला फोन ठेवून आली. कंपनीची गुणांची पुस्तिका वेबसाइटवर असते, असे पत्रात लिहिले होते. ती काढ आणि पहिल्या पानापासून मला वाचून दाखव.

चौऱ्याऐंशी पानांची ती पुस्तिका परदेशातल्या कुठल्याशा नियमावलीवरून उतरवून घेतलेली होती. घाईत उतरवणाऱ्याला ती सबंध वाचायला वेळ मिळाला नसावा, कारण एकोणिसाव्या पानावर, बारीक अक्षरांत, कंपनीला न परवडणारी एक गोष्ट शिल्लक राहून गेली होती. कुठलीही कृती अर्जदाराला जमते असे तेव्हाच मानावे, जेव्हा ती त्याला सुरक्षितपणे, नीट, लागेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात करता येते. चारांपैकी एक अट जरी मोडली, तरी ती कृती त्याला जमत नाही असेच धरावे.

बिल्किसने ते वाक्य तीनदा वाचून घेतले. तिने हजारो पेपर तपासले होते. गुण देण्याचे नियम हे विद्यार्थ्याला बांधतात त्याहून जास्त तपासणाऱ्याला बांधतात, हे तपासणाऱ्यांना सहसा आठवत नाही, हेही तिला अनुभवाने ठाऊक होते.

मुस्कान पुढे वाचत गेली. दुसऱ्या कृतीच्या शेवटच्या पायरीवर ती थांबली. “दुसऱ्या व्यक्तीने अन्न तोंडाशी न्यावे लागते, आठ गुण,” असा तिने आपल्या मोडक्या मराठीत अर्थ सांगितला आणि आईकडे पाहिले. “अम्मी, हू फीड्स अब्बा?”

घरात नऊ महिने हे गुपित होते. मुस्कान शाळेत असताना, किंवा खोलीचे दार लोटून, बिल्किस नवऱ्याला घास भरवत असे. मुस्कानला वाटे, अब्बा आधीच जेवतात. डॉक्टरांच्या वेळा असतात.

“मी,” बिल्किस म्हणाली. “तिन्ही वेळा. पुढं वाच.”

मुस्कानने पुढे वाचले. पण दाराशी लतीफ उभा होता. त्याने जाऊन आपल्या खोलीचे दार लावून घेतले, आणि दोन दिवस ते फक्त बिल्किस घास भरवायला गेली तेव्हाच उघडले. तिसऱ्या दिवशी तो बोलला.

“पोरीला सांगितलंस. आता तिच्यासमोर मी कोण?”

“बाप. दुसरं कोण असणार?”

“मला नाय जायचं कुठं फेरतपासणीला. चार तर चार. हात पसरायचे, तर हात तरी धड हवेत.”

“हात कुणी पसरायला सांगितलेत? तुमचा पेपर चुकीचा तपासलाय.”

“चुकीचा? मीच लिहिलं ना त्यात, सगळं येतं मला म्हणून. तूच शिकवलंस.”

हे खरे होते. बिल्किस त्याच्याशेजारी खाटेवर बसली. म्हणाली, शिकवणारी चुकली. मी त्यांना चांगला माणूस दाखवायला गेले, आणि त्यांनी चांगला माणूस म्हणजे निरोगी माणूस असं लिहून घेतलं. आता खरा पेपर लिहू. लतीफने विचारले, इंग्रजीत कोण सांगणार त्यांना? दुभाषा स्वतः आणावा, असे पत्रात होते. उत्तर शेजारच्या खोलीत अभ्यास करत होते.

पुढचे सात दिवस बिल्किसने वही ठेवली. तारीख, वेळ, कृती, किती मिनिटे, कोणी केले. लतीफने स्वतः शर्ट घालून पाहिला तेव्हा सव्वीस मिनिटे लागली आणि शेवटची दोन बटणे राहून गेली. संध्याकाळी पुन्हा घालायचा म्हटल्यावर खांदा उचलेना. उजव्या मनगटाला पट्ट्याने चमचा बांधून पाहिला. जिथे बोटांना जाणच नाही तिथे चमचा कुठवर गेला हे कळत नाही. तो टाळूत रुतला आणि रक्त आले. तेही तिने लिहिले. विशेषण एकही वापरले नाही. विशेषणांवर तिचा विश्वास कधीच नव्हता. पोरांच्या निबंधांतली ती लाल शाईने काढून टाकत आली होती.

फेरतपासणी शहराच्या अदलिया भागात होती, एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर. लांब टेबलापलीकडे तिघे होते. मध्यभागी डॉ. झोहरा, साठीच्या बहारिनी डॉक्टर, कंपनीने बाहेरून नेमलेल्या. त्यांचा निर्णय अखेरचा. त्यांच्या उजवीकडे कंपनीचे अधिकारी प्रवीण, मूळचे मुंबईचे, ज्यांच्या चेहऱ्यावर एक कायमस्वरूपी सहानुभूती बसवलेली होती. आणि डावीकडे गुरुप्रसाद. त्याने मान लववली. बिल्किसने लववली नाही.

प्रवीण यांनी सुरुवात केली. आम्हांला पूर्ण सहानुभूती आहे, ते हिंदीत म्हणाले, पण अर्जदाराने स्वतःच सांगितले आहे की ते स्वतः जेवतात, स्वतः आंघोळ करतात. आम्ही त्यांच्या शब्दाचा मान राखला.

बिल्किस मराठीत बोलली आणि मुस्कान इंग्रजीत सांगत गेली.

“मी अकरा वर्षं शिकवलं. मुलानं सांगितलं, बाई, मला येतं, तर मी गुण देत नसे. लिहून घेत असे. तुम्ही शब्दावर गुण कापलेत. यांनी शर्टाचं एक तरी बटण लावताना तुम्ही पाहिलंत?”

गुरुप्रसादने कागद चाळले. नाही, तो म्हणाला.

“जेवताना पाहिलंत?”

“ते आधीच जेवले होते, असं मला वाटलं.”

“तुम्ही चार घावन खाल्लेत. यजमान समोर बसला होता आणि त्यानं एकाला हात लावला नाही. आमच्याकडे पाहुण्याबरोबर घरधनी दोन घास घेतोच. न घेणं हा पाहुण्याचा अपमान. तुमच्या घरी निराळं आहे का, दादा? समोरचा माणूस पन्नास मिनिटं उपाशी बसला, ते का, हे एकदाही मनात आलं नाही?”

मुस्कानने ते शब्दशः सांगितले. डॉ. झोहरा यांनी पेन खाली ठेवले. पाहुणचाराचे नियम त्यांना कुणी भाषांतरित करून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या घरीही तेच होते. त्यांनी गुरुप्रसादकडे पाहिले. त्याचे कान लाल झाले होते.

मग बिल्किसने आरोग्य केंद्राचा कागद पुढे सरकवला. तपासणीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, तळव्यावर भाजल्याची नोंद. आणि पुस्तिकेचे एकोणिसावे पान, ‘सुरक्षितपणे’ या शब्दाखाली रेघ ओढलेले. ज्या चहाबद्दल तुम्ही शून्य दिलंत, ती म्हणाली, त्याच चहानं हे झालं. प्रवीण यांनी पान हातात घेतले. स्वतःच्याच कंपनीचा नियम त्यांनी ज्या कुतूहलाने वाचला, त्यावरून तो त्यांच्या दृष्टीस प्रथमच पडत असावा.

ते म्हणाले की एखादा अपघात म्हणजे रोजची स्थिती नव्हे. जेवणासाठी तर साधने मिळतात, मनगटाला बांधायचे चमचे मिळतात. डॉ. झोहरा यांनी हात वर करून त्यांना थांबवले आणि थेट लतीफकडे वळल्या. त्यांनी इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. तुम्ही काल कसे जेवलात, ते मला सांगा.

मुस्कानने प्रश्न मराठीत केला. लतीफने टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहिले. बिल्किसला वाटले, तो आता म्हणणार, जेवलो की. मदत केली असती तर ती कॉपी झाली असती.

“काल दुपारी मासळी होती,” लतीफ म्हणाला. “बायकोनं काटे काढले. भात कालवला. घास केला आणि माझ्या तोंडात दिला. तोंड पुसलं. पाणी पाजलं. सकाळी पण तसंच, रात्री पण तसंच. नऊ महिने झाले. चमचा बांधून पाहिला, तोंडातून रक्त आलं. पोरीला कळू नये म्हणून दार लावून जेवत होतो. त्या दिवशी पोर शेजारी बसलेली, म्हणून मी खोटं बोललो. एवढंच आहे. बाळा, सांग त्यांना.”

मुस्कानने सांगितले. एकही शब्द गाळला नाही, एकही मऊ केला नाही. ‘पोरीला कळू नये म्हणून’ हेही तिने सांगितले, आणि ते सांगताना ‘त्यांची मुलगी’ न म्हणता ‘मी’ म्हणाली. तिचा हात बापाच्या काटकोनात थिजलेल्या कोपरावर होता.

डॉ. झोहरा यांनी पुढचा प्रश्न मुस्कानकडे पाहून अर्ध्यावर सोडला. तो शौचानंतरच्या पाण्याचा होता. लतीफने मुस्कानची वाट पाहिली नाही. “येस, डॉक्टर,” तो बिल्किसकडे मान वळवून म्हणाला, “शी डझ.” त्याचा आवाज स्वच्छ होता. लाज जिथे वापरून संपते, त्या जागी माणूस असाच बोलतो.

मग वही आली. डॉ. झोहरा यांनी सातही दिवस वाचले. आकडे होते, वेळा होत्या, विशेषण एकही नव्हते. पुस्तिका उघडून त्यांनी एकेका कृतीवर बोट ठेवले आणि मोठ्याने गुण उच्चारले. स्वयंपाक चार. अन्न घेणे आठ. इथेच बारा भरले, आणि प्रवीण खुर्चीत मागे टेकले. पण त्या थांबल्या नाहीत. अंग धुणे व स्वच्छता, चार. कपडे, तीन. एकूण एकोणीस. भत्ता साठीपर्यंत, पुन्हा तपासणी नाही.

प्रवीण सावरून म्हणाले, अभिनंदन, पत्र दोन आठवड्यांत पोचेल. बिल्किस उठली नाही. तिने मुस्कानला सांगायला लावले की फेरतपासणीत गुण बदलले, की जुन्या पेपरावर दुरुस्ती होते आणि तपासणाऱ्याची सही होते. सहीचा कागद घेतल्याशिवाय ती जाणार नव्हती. तिने फाइल मांडीवर ठेवली आणि पाठ खुर्चीला टेकली. हिला शंभर तास असे बसता येईल, हे टेबलापलीकडच्यांना दिसले. कागद वीस मिनिटांत तयार झाला.

‘स्वतंत्रपणे’ हा शब्द अहवालात सहा ठिकाणी होता. डॉ. झोहरा यांनी ते सहाही खोडायला लावले आणि प्रत्येक खोडाखोडीपुढे गुरुप्रसादने सही केली. शेवटच्या सहीला तो थांबला आणि मराठीत, हळू, म्हणाला की ताई, माझ्याकडून फार मोठी... त्या भाषेची पुण्याई त्याने एकदा वापरून संपवली होती. बिल्किसने कागदावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले.

“साइन हिअर, प्लीज,” ती म्हणाली.

खाली उतरल्यावर लतीफ कॅफेच्या काचेसमोर थांबला. आत दुपारची गर्दी होती. ऑफिसांतले लोक, दोन बहारिनी कुटुंबे, एक गोरे जोडपे. बिल्किस टॅक्सीसाठी हात करणार, तोच तो म्हणाला, भूक लागलीय.

“घरी चला, वरण-भात आहे.”

“नाय. इथं. खिडकीशी.”

ते खिडकीशी बसले. गरम रोटी आणि मटणाचा रस्सा आला. बिल्किसने सवयीने बाही वर सारली, पण मुस्कानने ताट स्वतःकडे ओढले होते. तिने रोटीचा तुकडा तोडला, रश्श्यात बुडवला आणि जरा उंच धरून घास बापाच्या तोंडात दिला. शेजारच्या टेबलावरची बाई वळून पाहू लागली. लतीफने तिच्याकडे पाहून मान हलवली, जशी ओळखीच्या माणसाला हलवतात, आणि चावत राहिला.

“किती पैकी एकोणीस?” घास तोंडात असतानाच त्याने लेकीला विचारले.

मुस्कानने हिशेब केला. नऊ गुणिले आठ. “बहात्तर.”

“म्हणजे नापासच की,” लतीफ म्हणाला. “तुझी अम्मी असले मार्क घेऊन घरात येऊ देईल का?”

“अब्बा, चू फर्स्ट, आधी चावा,” मुस्कान म्हणाली आणि पुढचा घास केला.

बिल्किसने आपले ताट पुढे घेतले. रश्श्यातून वाफ येत होती. पहिल्याच घासाला तिची जीभ पोळली, आणि तिला आठवेना की आपले जेवण शेवटचे इतके गरम कधी होते.